सोमवारी तीन ते पाच : महापालिकेच्या एका फुकट सेवेचं परीक्षण

महापालिकेची कुठली सेवा बरी आहे, असं नवी मुंबईत विचारलं तर पाणी, बस, उद्यानं अशी उत्तरं येतील. फाइल दाखवण्याची सेवा कुणी मोजणार नाही, कारण ती आहे हेच फार थोड्यांना ठाऊक असतं. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानं जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू द्यायला सांगितलं आहे. सोमवारी सुट्टी आली तर त्यानंतरच्या कामकाजाच्या दिवशी. पाहायला पैसे पडत नाहीत आणि अर्ज टाकून महिनाभर बसावं लागत नाही. पुणे महापालिकेत ही सोय आधीपासून होती, तिथून ती राज्यभर आली.

निकाल आधीच सांगून टाकू. स्वयंपाक पाच तारे, वाढप दोन तारे. ताटात जे आहे त्याला तोड नाही, पण ते मागून, नाव घेऊन आणि कधी कधी दोनदा बसून खावं लागतं.

उपयोग कशाचा? खड्डा बुजवा, दिवा लावा, कचरा उचला, यासाठी तक्रारीचं ॲप आणि टोल-फ्री क्रमांक पुरेसा आहे, त्यासाठी बेलापूरला मुख्यालयात जाऊ नये. पण चांगला पदपथ का उखडला, दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं व्हायला हवी होती तर नवीन निविदा का निघाली, एवढंच परिमाण का धरलं, या ‘का’ला ॲपमध्ये रकाना नाही. तिथं ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ असं येतं आणि तक्रार बंद होते. कारण फाइलमध्ये असतं, तेही टिप्पणीच्या, म्हणजे अधिकाऱ्यांनी प्रस्तावावर लिहिलेल्या शेऱ्यांच्या पानांवर, सह्यांच्या वरच्या दोन ओळींत.

आता पहिला खड्डा : फाइल कुणाकडे आहे. नवी मुंबईत हा प्रश्न इतर शहरांपेक्षा अवघड आहे. शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको १९७० चं, महापालिका १ जानेवारी १९९२ ची. शहर एकानं आखलं, चालवायला दुसऱ्याकडे आलं. रस्ता, पदपथ, गटार, उद्यान बहुतेक महापालिकेचं. भूखंडाचं वाटप, भाडेपट्टा, विक्री या गोष्टी सिडकोच्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांच्या भूखंडांसाठी एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळ. शीव-पनवेल महामार्गासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग. खारघर, कामोठे, कळंबोली बोलण्यात नवी मुंबई असलं तरी १ ऑक्टोबर २०१६ पासून ते पनवेल महापालिकेत आहे आणि जिल्हा रायगड, म्हणजे जिल्हाधिकारी अलिबागला. ठाण्यातही सुटका नाही : घोडबंदर रस्त्यावर उभे असाल तर डोक्यावरची मेट्रो ४ एमएमआरडीएची, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, आणि आतल्या गल्लीतलं गटार महापालिकेचं.

माहिती अधिकारात चुकीच्या दारात अर्ज गेला तरी कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे पाठवावा लागतो. सोमवारच्या पाहणीत ही सोय नाही. चुकीच्या इमारतीत गेलात तर दुपार गेली. बरं एवढंच की महापालिका मुख्यालय, सिडको भवन आणि कोकण भवन तिन्ही सीबीडी बेलापूरमध्येच आहेत. रिक्षाच्या अंतरावर चूक सुधारता येते, घड्याळात पाच वाजले नसतील तर.

इमारत बरोबर निघाली तरी मजला बाकी असतो. नवी मुंबईत आठ विभाग कार्यालयं आहेत : बेलापूर, नेरुळ, वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली आणि दिघा. किरकोळ दुरुस्तीची कागदपत्रं बहुधा विभागात सापडतात, मोठ्या कामाची नस्ती, म्हणजे फाइल, मुख्यालयात अभियांत्रिकीकडे असते, बिलाच्या वेळी लेखा विभागात आणि नंतर लेखापरीक्षणात. म्हणून आदल्या आठवड्यात एक साधा अर्ज आवक विभागात देऊन ठेवावा : अमुक कामाची नस्ती येत्या सोमवारी पाहायची आहे, ती उपलब्ध ठेवावी. आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्यावा. शासन निर्णयात हा अर्ज सक्तीचा आहे म्हणून देत नाही आपण. ‘साहेब साइटवर गेलेत, कपाटाची चावी त्यांच्याकडे आहे’ या वाक्याला दुसरं औषध नाही म्हणून देतो.

महिन्याचा पहिला सोमवार टाळा. त्या दिवशी महापालिकेत आयुक्तांचा लोकशाही दिन, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याचा दिवस असतो आणि विभागप्रमुख तिकडे बसलेले असतात. दोन्ही सोयी सोमवारीच ठेवण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला नागरिकांचा एकच फेरा वाचवायचा असावा, असं समजू या.

काय मागायचं, इथं सगळी मदार आहे. ‘आमच्या सेक्टरमधल्या कामांची माहिती दाखवा’ असं म्हटलं की हातात माहितीपत्रक येतं किंवा काहीच येत नाही. कामाचं पूर्ण नाव लागतं, जसं निविदेत छापलेलं असतं तसं. ते कामाच्या ठिकाणच्या फलकावर मिळतं, फलक नसेल तर राज्याच्या ई-निविदा संकेतस्थळावर. नाव मिळालं की पुढचे कागद नावानं मागायचे : प्रशासकीय मंजुरी, तांत्रिक मंजुरी, अंदाजपत्रक, निविदेचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश, चालू देयकं, मोजमाप पुस्तक, चाचणी अहवाल आणि काम पूर्णत्वाचा दाखला. एका बैठकीत हे सगळं वाचून होत नाही. दोन तासांत तीन कागद नीट वाचले तरी पुष्कळ झालं, आणि त्या तिनांत मोजमाप पुस्तक असलंच पाहिजे.

मोजमाप पुस्तक, कार्यालयात ज्याला सगळे ‘एम.बी.’ म्हणतात, ती लांबट वही. पानांना छापील क्रमांक असतात. रकाने तेच ते : कामाचा तपशील, संख्या, लांबी, रुंदी, खोली किंवा उंची, आणि शेवटी परिमाण. कनिष्ठ अभियंता जागेवर मोजून लिहितो, उप अभियंता तपासतो आणि याच आकड्यांवर बिल निघतं. खाडाखोड करायची नसते. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही. पांढरं शाईखोडू दिसलं की थांबून ते पान लिहून घ्या.

समजा १२० मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद पदपथावर पेव्हर ब्लॉक बसवलेत. गुणाकार २१६ चौरस मीटर. आता जागेवर जा. वाटेत १२ झाडं आहेत आणि प्रत्येकाभोवती एक मीटर बाय एक मीटर आळं मोकळं सोडलंय. म्हणजे १२ चौरस मीटर वजा, उरले २०४. एम.बी.त ही वजावट आहे का? चेंबरची झाकणं आणि सोसायटीच्या गेटपुढचे उतार वजा केलेत का? बहुतेक गोंधळ मोठ्या आकड्यात सापडत नाही, वजावटीच्या ओळीत सापडतो, म्हणजे ती ओळच नसते. उलटही होतं, हे लक्षात ठेवा : आळी कागदावर वजा आहेत आणि जागेवर बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलंय. तेव्हा पैसा बरोबर असतो, झाड मरतं.

जाडीसाठी भारतीय मानक आयएस १५६५८ पाहा. फक्त पायी चालण्याच्या जागेला ५० मिलिमीटर आणि एम-३० (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत), हलक्या वाहनांच्या जागेला ६० मिलिमीटर आणि एम-३५, मध्यम वाहतुकीला ८० मिलिमीटर आणि एम-४०. अंदाजपत्रकात ८० लिहून जागेवर ६० बसवले की फरक वरून दिसत नाही. कडेचा एक सुटा ब्लॉक उचलून पट्टी लावली की दिसतो. ब्लॉकखाली २० ते ४० मिलिमीटर वाळूचा थर अपेक्षित असतो. ती वाळू नीट पसरली नाही किंवा खालचा थर दाबला गेला नाही की पहिल्या पावसाळ्यात ब्लॉक डुगडुगतात आणि पाय पडला की चिखलाची पिचकारी उडते. दोष ब्लॉकचा नसतो. म्हणून तक्रारीत ‘निकृष्ट ब्लॉक’ असं लिहिलं की ठेकेदार ब्लॉकचा चाचणी अहवाल पुढे करतो आणि विषय संपतो. ‘खालच्या थराच्या दाबणीचा अहवाल नस्तीत आहे का’ असं लिहिलं की संपत नाही.

कार्यादेशात दोष दायित्व कालावधी शोधा. तो किती वर्षांचा, हे कामागणिक बदलतं. काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावरची तारीख आणि हा कालावधी यांची बेरीज करा. ती तारीख उलटायच्या आत डुगडुगणारा पदपथ ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो आणि त्याची अनामत तोवर महापालिकेकडे अडकलेली असते. तक्रार त्या तारखेआधी लेखी गेली पाहिजे, शिक्क्यासह. दिवाळीनंतर बघू म्हणणाऱ्या सोसायट्या इथं हरतात.

टिप्पणीत काही शब्द दिसले की कान टवकारावेत. ‘कार्योत्तर मंजुरी’ : म्हणजे आधी केलं, मग विचारलं. ‘आयत्या वेळचा विषय’ : विषयपत्रिकेत नव्हता, सभेत आला. महापालिका अधिनियमातलं ‘कलम ६७(३)(क)’ आणि ‘५(२)(२)’ : निविदेचा नेहमीचा रस्ता सोडून तातडीच्या नावाखाली काम दिलं. पूर आला, दरड पडली तर हे रास्तच आहे. सुशोभीकरणाला तातडी कुठून आली, हे मात्र टिप्पणीतच लिहिलेलं असलं पाहिजे. आणि एकाच रस्त्याची चार कामं, चारही १० लाखांच्या जरा खाली दिसली तर ई-निविदेची मर्यादा कितीची आहे ते आठवा. २०२१ मध्ये ती तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली.

एक काळ खास लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून निवडलेलं सभागृहच नव्हतं. १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत स्थायी समिती आणि महासभा या दोन्हींचे अधिकार प्रशासकाकडे होते. त्या वर्षांतल्या निर्णयांना इतिवृत्तातली चर्चा नाही, कुणाचा विरोध नोंदलेला नाही, कुणी विचारलेला प्रश्न नाही. आहे ती फक्त टिप्पणी आणि तिच्याखालच्या सह्या. त्या काळातल्या कामाचा जाब विचारायचा तर फाइल वाचण्याखेरीज दुसरा दरवाजाच नाही.

आता वाढपाचे तीन तारे का कापले ते. शासन निर्णय हा कायदा नव्हे. फाइल दाखवली नाही तर दंड नाही, अपील नाही. ‘माहिती अधिकारात अर्ज करा’ असं सांगून टोलवलं की तुम्ही निरुत्तर. माहिती अधिकारात तीस दिवसांची मुदत आहे, प्रथम अपील आहे, नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील आहे, आणि आयोग दिवसाला २५० रुपयांप्रमाणे कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड लावू शकतो. म्हणून सोमवारची सेवा एकटी वापरायची नसते, माहिती अधिकाराच्या जोडीला वापरायची असते. क्रम मात्र उलटा हवा. लोक आधी अर्ज टाकतात, ‘सन अमुक ते तमुक सर्व कामांच्या प्रती’ मागतात, आणि ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, कार्यालयात येऊन पाहावी’ असं उत्तर घेऊन येतात. आधी सोमवारी जाऊन पाहा, पान क्रमांक वहीत उतरवा आणि मग अर्जात फक्त तेवढी पानं मागा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांचा आणि एका विषयाचा हवा. ‘नस्तीतील टिप्पणी पृष्ठ ७ ते ११ आणि मोजमाप पुस्तकातील पृष्ठ ४२ ते ४५ यांच्या प्रमाणित प्रती’ यात तो वीस शब्दांत बसतो. अर्जाला १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये. नऊ पानांचे अठरा. सगळं मिळून अठ्ठावीस रुपयांत जो कागद हातात येतो तो प्रमाणित असतो, पुढं कुठंही दाखवता येतो.

मोबाइलनं फोटो काढण्यावरून हमखास वाद होतो. त्यात दुपार घालवू नका; वही-पेन घेऊन जा. काही कागद झाकून ठेवले जातील, त्यातले काही रीतसर. माहिती अधिकाराच्या कलम ८ मधले अपवाद इथंही लागू धरले जातात, आणि वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) तर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं आणखी आवळलं आहे. पूर्वी त्या कलमातच व्यापक जनहिताची वाट होती, ती गेली. कलम ८(२) मात्र अजून शाबूत आहे : जनहित संरक्षित हितापेक्षा मोठं असेल तर माहिती देता येते. अर्जात त्याचा उल्लेख करायला शिका. नाहीतर ठेक्यावरच्या कामगारांची हजेरी मागितली तरी ‘वैयक्तिक माहिती’ असं उत्तर मिळू शकतं.

लोकशाही दिनाशी तुलना नेहमी होते, म्हणून दोन शब्द. तिथं अर्ज विहित नमुन्यात, पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. मैदानाचा, खारफुटीचा, रस्त्याच्या रुंदीचा विषय घेऊन गेलात तर दारातच अडतो. तुमच्या नळजोडणीला किंवा मालमत्ता कराच्या नोंदीला तो उत्तम आहे. सार्वजनिक निर्णयासाठी नाही.

सार्वजनिक निर्णयाची खरी जागा म्हणजे हरकती आणि सूचना, आणि फाइल वाचण्याचा सगळ्यात मोठा फायदा तिथं आहे. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे जाहीर सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. वृक्षतोडीच्या सूचनेत तर जेमतेम आठवडा. ती झाडावरही चिकटवायची असते, तेव्हा रोजच्या वाटेवरच्या झाडांकडे बघत जा. या मुदतीत एका सोमवारी दुपारी नस्ती पाहिलीत तर हरकतीत ‘आमचा विरोध आहे’ याऐवजी काहीतरी येतं : सेक्टर, भूखंड क्रमांक, आरक्षण कोणतं होतं, बदलून काय होतंय, खात्याच्या कुठल्या अभिप्रायाकडे दुर्लक्ष झालं आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. सुनावणीत प्रत्येकाच्या वाट्याला काही मिनिटं येतात आणि मागणी एका वाक्यात सांगता आली नाही तर ती ‘नोंद घेतली’ होऊन जाते. एकाच मजकुराचे पाचशे छापील अर्ज देण्याची आपल्याकडे हौस आहे. त्यानं संख्या दिसते, बातमी होते. मुद्दा मात्र एकच राहतो. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे पाच अर्ज द्या : एक पार्किंगचा, एक सांडपाण्याचा, एक शाळेच्या आरक्षणाचा. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

नगरसेवकांचं काय? आता सभागृह आलं आहे. पण प्रभाग बहुधा चार सदस्यांचा आहे आणि चौघांत काम वाटलेलं नसतं, हात झटकणं वाटलेलं असतं. महापालिका अधिनियमात क्षेत्रसभेची, म्हणजे वस्तीतल्या मतदारांच्या सभेची तरतूद आहे आणि प्रभाग समितीवर स्वयंसेवी व वस्ती पातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात. हे तीन जण कोण, समितीची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठं आहे, हेही सोमवारी मागता येतं. मागून बघाच. कधी कोरी फाइल हाही चांगला पुरावा असतो.

जाताना ओळखपत्र, वही, सहा इंची पट्टी, आधी दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प जवळ ठेवा. स्टॅम्प बेलापूरच्या न्यायालयाजवळ आधीच घेतलेला बरा. ऐनवेळी मिळत नाही. रोखीनंही शुल्क भरता येतं, पावती न विसरता घ्यायची. फाइल दाखवली तर काय पाहिलं, किती पानं होती, कुठली सापडली नाहीत, हे आपल्या प्रतीवर लिहून समोरच्या कर्मचाऱ्याची सही मागा. नाकारली तर तेच लिहा : दिनांक, वेळ, ‘नस्ती दाखवली नाही’. सही मिळाली नाही तरी तोच कागद आवक विभागात देऊन शिक्का घ्या, आणि त्याच टेबलावर स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्या. प्रती मागू नका. ‘नस्तीची पाहणी’ मागा. कलम २(ञ) मध्ये ती बसते, त्यात कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही बसतं, आणि पहिल्या तासाला शुल्क नाही.